सिंगल शॉट रायफलीचा फोरएंड स्क्रू: ताण मोजावा कसा, तपासावा कसा आणि निरुपद्रवी करावा कसा

सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता येणारी रायफल बेंचवर ठेवून पाच गोळ्या झाडल्या की पुष्कळदा एकच चित्र दिसते: पहिल्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटून, तिसरी जराशी वर आणि चौथी-पाचवी त्याहून वर. मग काडतूस बदलून पाहिले जाते, दुर्बिणीच्या कड्या आवळल्या जातात आणि शेवटी हात फोरएंडच्या, म्हणजे नळीखालच्या पुढच्या दस्त्याच्या स्क्रूकडे जातो. कोणी तो अर्धा फेरा सैल करतो, कोणी आवळतो. पुढचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा झुबका, योगायोगाने लहान येतो आणि नेमका ताण सापडला असा समज पक्का होतो. माझे मत याहून वेगळे आहे. ज्या रायफलीत स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याने गोळी दुसरीकडे जाते, त्या रायफलीत दोष स्क्रूचा नसून लाकूड नळीला कुठे आणि कसे टेकते याचा असतो. म्हणून पुढील पद्धतीचा हेतू जादूचा आकडा शोधण्याचा नाही; स्क्रूचा ताण थोडा कमी-जास्त झाला तरी गोळीला त्याचा पत्ता लागू नये, अशी रायफल करण्याचा आहे.

आधी रचना ओळखावी

बोल्ट ॲक्शन रायफलीत दस्ता एकसंध असतो आणि ॲक्शनचे स्क्रू रिसिव्हरला, म्हणजे नळीमागच्या, गोळी झाडण्याची यंत्रणा असलेल्या पोलादी चौकटीला, त्यात घट्ट बसवतात. सिंगल शॉट रायफलीत बहुधा दस्त्याचे दोन तुकडे असतात. मागचा तुकडा रिसिव्हरला स्वतंत्रपणे जोडलेला असतो आणि पुढचा तुकडा नळीला किंवा रिसिव्हरपासून पुढे आलेल्या एखाद्या पोलादी दांड्याला टांगलेला असतो. हा तुकडा कशाला टांगला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पहिल्या प्रकारात स्क्रू थेट नळीत किंवा नळीखाली बसवलेल्या गुटक्यात जातो. शार्प्सच्या शिकारी रायफली, १८८५ साली बाजारात आलेली विंचेस्टरची सिंगल शॉट आणि १९६७ पासूनची थॉम्प्सन सेंटर कंटेंडर या वर्गात येतात. इथे स्क्रू आवळला की लाकूड नळीवर दाबले जाते. पन्हळ, म्हणजे नळी जिथे बसते ती लाकडातली खोबण, दोन्ही टोकांना टेकत असेल आणि मध्ये पोकळ असेल, तर स्क्रू नळीला खाली ओढतो, लाकूड टोकांना वर ढकलते आणि नळी धनुष्यासारखी वाकू पाहते.

दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे १९६७ च्या सुमारास आलेली रुगर नंबर १, जिच्या रचनेमागे जॉन फार्कहरसन यांच्या १८७२ च्या पेटंटची परंपरा आहे. तिच्यात रिसिव्हरपासून नळीखाली एक पोलादी हँगर पुढे येतो, घोड्याची स्प्रिंगही त्यावरच बसते आणि फोरएंडचा तिरपा स्क्रू त्या हँगरमध्ये शिरून लाकडाला मागे, रिसिव्हरच्या तोंडाकडे ओढतो. तत्त्वतः नळीला या जोडणीशी काही देणेघेणे नसावे. प्रत्यक्षात हँगर थोडा लवतो, लाकूड वर उचलले जाते आणि पन्हळीची कड नळीला टेकते. स्क्रूचा ताण बदलला की हे टेकणेही बदलते.

तिसरा प्रकार हा दोष टाळणारा आहे: बीएसएच्या मार्टिनी इंटरनॅशनल मार्क ३ या नेमबाजीच्या रायफलीत फोरएंड रिसिव्हरपासून पुढे आलेल्या तुळईवर बसतो आणि नळी पूर्ण मोकळी राहते. आपल्या रायफलीला याच स्थितीच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावे.

मधून मोडणाऱ्या काही रायफलींची गोष्ट मात्र वेगळी आहे. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच्या एकनळी रायफलींसारख्या रचनेत फोरएंड नळीला बिजागरीच्या खिळीवर धरून ठेवण्याचे कामही करतो. तिथे स्क्रू सैल ठेवून गोळी झाडण्याचा प्रयोग कधीही करू नये.

थोडे गणित, कारण त्याशिवाय अंदाज चुकतो

२० मिलिमीटर जाडीची, ७.६२ मिलिमीटर भोकाची पोलादी नळी एका टोकाला रिसिव्हरमध्ये पक्की धरलेली आहे असे समजा. रिसिव्हरपासून २०० मिलिमीटर अंतरावर तिला खालून दाबले, तर तोंडाची दिशा १ मिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने), म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटरने बदलायला किती जोर लागेल? तुळईच्या साध्या सूत्राने उत्तर येते सुमारे २३ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलोच्या पिशवीचे वजन.

आता स्क्रूकडे पाहा. ५ मिलिमीटरचा स्क्रू २ न्यूटन-मीटर टॉर्कने (पिळाच्या जोराने), म्हणजे सुमारे १८ इंच-पौंडाने आवळला, तर त्याची ओढ साधारण २००० न्यूटन होते. स्क्रूची ओढ २००० आणि गोळी हलवायला पुरेसा जोर २३, म्हणजे स्क्रूच्या ताणाचा जेमतेम शंभरावा हिस्सा चुकीच्या वाटेने नळीपर्यंत पोहोचला तरी तो टार्गेटवर दिसतो. हा दाब कायम सारखा राहिला, तर हरकत नाही. दुर्बीण जुळवली की तो हिशेबात येतो. खरी अडचण दाब बदलतो तेव्हा सुरू होते.

तो बदलण्याची दोन कारणे रोजची आहेत. नळी ५० अंश सेल्सिअसने तापली की २०० मिलिमीटर लांबीत ती सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढते. पहिल्या प्रकारात स्क्रू नळीबरोबर पुढे सरकतो आणि रिसिव्हरच्या तोंडावर लाकडाचा असलेला दाब उतरतो. दुसऱ्या प्रकारात तापलेली नळी लाकडावरून घासत पुढे जाते, थोडी अडकते, मग सुटते. वर चढत जाणाऱ्या गोळ्यांचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

दुसरे कारण हवेतला ओलावा. स्क्रूच्या डोक्याखाली १५ मिलिमीटर जाडीचे अक्रोडाचे लाकूड असेल आणि त्यातला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला, तर धाग्यांच्या आडव्या दिशेने ते सुमारे ०.११ ते ०.१६ मिलिमीटर फुगते. एका इंचात २८ आटे असलेला स्क्रू एका फेऱ्यात ०.९ मिलिमीटर सरकतो. म्हणजे कोणी हात न लावताही पावसाळी हवा तो स्क्रू जवळजवळ अष्टमांश फेरा आवळून ठेवते आणि कोरडी हवा तितकाच सैल सोडते. ताणाचा एकच नाजूक आकडा शोधण्यात अर्थ का नाही, ते यातून कळावे.

लाकूड किती सोसेल हेही पाहून घ्यावे. अक्रोडाचे लाकूड आडव्या दिशेने चौरस मिलिमीटरला सुमारे ७ न्यूटन दाबापर्यंत टिकते, त्यानंतर चेपू लागते. १० मिलिमीटर व्यासाचे डोके थेट लाकडावर टेकत असेल, तर भोक वजा जाता जेमतेम ५५ चौरस मिलिमीटर जागा उरते आणि सुरक्षित ओढ ४०० न्यूटनच्या आतच संपते, म्हणजे टॉर्क अर्धा न्यूटन-मीटरही नाही. १५ मिलिमीटरचा धातूचा वॉशर बसवला की ही मर्यादा १ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ९ इंच-पौंडांवर जाते. डोक्यापासून हँगरपर्यंत धातूची नळकांडी बसवली, तर लाकडावरचा भार जवळजवळ संपतो. ही मर्यादा न पाहता मी एका फोरएंडचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने दर खेपेस थोडा थोडा आवळत गेलो होतो. दर खेपेस तो आणखी थोडा फिरायचा आणि मला तो घट्ट बसत असल्याचे समाधान व्हायचे. स्क्रू काढून पाहिले, तेव्हा डोक्याखाली लाकडात बशीसारखा खळगा पडलेला होता.

हत्यारे

अर्ध्यापासून ५ न्यूटन-मीटरपर्यंत वाचता येणारा टॉर्क ड्रायव्हर, स्क्रूच्या खाचेत काठोकाठ बसणारे पाते, चुंबकी बैठकीचा डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक), कागदाच्या अरुंद पट्ट्या, तेलात कालवलेली काजळी, पॉलिश पेपर आणि नोंदवही एवढे पुरते. स्क्रूचे आटे एकदा स्वच्छ करून तेलाचा एक थेंब द्यावा आणि नंतर दर खेपेस तसेच ठेवावे. तेल लावलेल्या आणि कोरड्या आट्यांवर एकाच टॉर्कने मिळणारी ओढ बरीच वेगळी असते, हे न पाळल्यास पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

पहिली पायरी: रायफल रिकामी करून आधीची अवस्था नोंदवावी

नळीचे मागचे तोंड बंद करणारा ब्लॉक उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, काडतुसे दुसऱ्या टेबलावर ठेवावीत. नंतर दुर्बिणीचे स्क्रू, कड्या आणि मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट तपासावा. यांपैकी काही सैल असेल, तर फोरएंडला दोष देण्यात वेळ जातो. स्क्रूच्या खाचेची दिशा पेन्सिलीने लाकडावर टिपून घ्यावी. रायफलीला काहीही हात न लावता आधी पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप झाडावेत. हा टप्पा गाळण्याचा मोह मोठा असतो. तो गाळला, तर नंतर सुधारणा झाली की बिघाड, हे कधीच कळत नाही.

दुसरी पायरी: टेकण्याचा नकाशा

स्क्रू नेहमीइतका आवळलेला असताना कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून टोकापासून रिसिव्हरकडे सरकवत न्यावी. ती जिथे अडते तिथे लाकडावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून खूण करावी. मग फोरएंड काढून नळीच्या खालच्या बाजूला आणि हँगरवर काजळीचा अगदी पातळ हात फिरवावा, फोरएंड परत बसवून आवळावा आणि पुन्हा काढून पाहावा. काळे डाग म्हणजे टेकणारी जागा. दुसऱ्या प्रकारच्या रायफलीत पन्हळीत एकही डाग नसावा. डाग हवेत ते रिसिव्हरच्या तोंडाला भिडणाऱ्या मागच्या कडेवर आणि हँगरच्या खाचेत, तेही दोन्ही बाजूंना सारखे.

एका रायफलीत माझ्यासमोर आलेला डाग उजव्या बाजूला, रिसिव्हरपासून चार बोटांवर, नखाएवढा होता. बाकी पन्हळ कोरी. त्या रायफलीच्या गोळ्या उभ्या न चढता तापल्यावर वर-डावीकडे तिरप्या सरकत होत्या, आणि टेकण्याची जागा त्या रेषेच्या बरोबर विरुद्ध बाजूला होती. मागची कड फक्त डावीकडे टेकत असल्यामुळे स्क्रूची ओढ फोरएंडला फिरवत होती.

तिसरी पायरी: काटा काय सांगतो

रायफल मऊ जबड्यांच्या शिकंज्यात रिसिव्हरला धरून उलटी बांधावी. इंडिकेटरची बैठक नळीवर बसवून टोक फोरएंडच्या पुढच्या कडेवर टेकवावे, म्हणजे लाकूड आणि नळी एकमेकांच्या मानाने किती हलतात ते दिसते. स्क्रू हळूहळू सैल करावा. काटा सुरुवातीला थोडा हलून थांबला, तर ते केवळ लाकडाचे मोकळे होणे असते. स्क्रू सैल होईल तसा काटा शेवटपर्यंत सरकतच राहिला आणि एकूण हालचाल ०.०५ मिलिमीटरच्या पुढे गेली, तर स्क्रू कशाला तरी वाकवतो आहे असे मानावे. हीच चाचणी टोकाची जागा बदलून हँगर आणि नळी यांच्यात केली, की लवणारा भाग लाकूड आहे की हँगर, तेही उलगडते. या एका चाचणीने गोळीबाराचे दोन दिवस वाचतात, असा माझा अनुभव आहे.

चौथी पायरी: तीन ताणांवर गोळीबार

तीन पातळ्या ठरवाव्यात. खालची पातळी म्हणजे फोरएंड हाताने हलवता येत नाही इतकीच घट्ट, वरची पातळी म्हणजे निर्मात्याने दिलेली कमाल किंवा वर काढलेली लाकडाची मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती, तिसरी मधली. खालून वर अशा क्रमाने झाडू नये, कारण दुपारकडे वारा वाढतो, नळीत मळ साचतो, हात थकतो, आणि हे सगळे वरच्या ताणाच्या खात्यात जमा होते. खालची, वरची, मधली, मग मधली, वरची, खालची असा उलटसुलट क्रम घ्यावा आणि तो पुन्हा एकदा गिरवावा. ताण बदलताना स्क्रू दर वेळी पूर्ण सैल करून मग ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळावा आणि मोजणीत न धरलेल्या दोन गोळ्या झाडून लाकूड बसू द्यावे. प्रत्येक ग्रुपआधी नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबावे; हे थांबणे कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

वाळूच्या पिशवीची जागा दर वेळी तीच हवी. फोरएंडच्या टोकाखाली पिशवी ठेवली, तर रायफलीचे वजन लाकडाला वर ढकलते, आणि सव्वादोन किलोचा हिशेब आपण वर पाहिलाच आहे. पिशवी शक्य तितकी रिसिव्हरजवळ ठेवावी. शेवटी एक ग्रुप मुद्दाम टोकाखाली पिशवी ठेवून झाडावा. गोळ्या लक्षणीय वर गेल्या, तर फोरएंड नळीला अजून ढकलतो आहे, याचा तो निर्विवाद पुरावा असतो.

पाचवी पायरी: ग्रुपपेक्षा त्याचे केंद्र पाहावे

इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा थांबून पाहू. रायफलीत काहीही बदल न करता झाडलेल्या पाच गोळ्यांच्या ग्रुपचा आकार केवळ योगायोगाने सरासरीच्या पाव हिश्श्याइतका सहज कमी-जास्त होतो. चार ग्रुपची सरासरी घेतली तरी सुमारे १२ टक्क्यांची अनिश्चितता उरते. दोन ताणांची तुलना करताना ती दोन्हीकडून भर घालते. म्हणून चार-चार ग्रुपच्या सरासरीत तिसऱ्या हिश्श्याहून कमी फरक असेल, तर तो नाही असेच धरावे. तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून निष्कर्ष काढणे तर सोडूनच द्यावे: जी रायफल तीन गोळ्यांना सरासरी २४ मिलिमीटर देते, तीच पाच गोळ्यांना सुमारे ३१ आणि दहा गोळ्यांना सुमारे ३८ देते, आणि त्यात रायफलीचा काही दोष नसतो.

केंद्र मात्र कितीतरी कमी गोळ्यांत स्थिर होते. पाच गोळ्यांचा सरासरी ग्रुप ३१ मिलिमीटर देणाऱ्या रायफलीत वीस गोळ्यांचे केंद्र आडवे आणि उभे साधारण २ ते अडीच मिलिमीटरच्या अचूकतेने कळते. म्हणून प्रत्येक ताणासाठी वीसही गोळ्यांचे आडवे आणि उभे अंतर मोजून सरासरी काढावी. तीनही केंद्रे एकमेकांपासून ५-६ मिलिमीटरच्या आत असतील, तर तुमचा फोरएंड सभ्य आहे. मधला ताण ठेवावा आणि नेमबाजीच्या सरावाकडे वळावे. ताण वाढेल तसे केंद्र एकाच दिशेने सरकत असेल, तर पुढची पायरी लागते, मग वरच्या ताणावरचा ग्रुप कितीही देखणा आलेला असो.

सहावी पायरी: दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मागची कड. ती रिसिव्हरला दोन्ही बाजूंना सारखी भिडेपर्यंत काजळीचे डाग पाहत पाहत उंचवटे खरवडावेत. लाकूड फार गेले असेल, तर रिसिव्हरला मेण लावून इपॉक्सीचा पातळ थर तिथे ओतावा. मग पन्हळ. नळीहून किंचित जाड गोल दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून ती एवढी मोकळी करावी की दोन-तीन कागद एकत्र दुमडून टोकापासून मागच्या कडेजवळपर्यंत विनासायास जातील. उघड्या झालेल्या लाकडाला लगेच तेल किंवा लॅकर द्यावे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ते फुगून केलेले काम पुसून टाकते. त्यानंतर स्क्रूच्या भोकात धातूची नळकांडी किंवा निदान रुंद वॉशर.

एवढे करूनही हँगर लवत असेल, तर हँगरचे टोक आणि नळी यांच्यामध्ये रबरी तुकडा ठेवण्याचा किंवा हँगरमध्ये आटे पाडून नळीवर टेकणारा छोटा स्क्रू बसवण्याचा उपाय काही जण करतात. नळीत स्क्रू जाणाऱ्या रायफलींत गुटका आणि लाकूड यांच्यामध्ये रबरी ओ-रिंग ठेवण्याची युक्तीही परिचित आहे: लाकूड नळीपासून उचलले जाते आणि टेकण्याची एकच जागा उरते. या उपायांनी रायफली सुधारतात यात शंका नाही, पण रबर काळाच्या ओघात कडक होते, आणि छोटा स्क्रू म्हणजे जुळवाजुळवीसाठी आणखी एक खुंटी. मी ते शेवटी ठेवतो. हँगरला आटे पाडण्याचे काम तर अनुभवी बंदूक कारागिराकडेच द्यावे, कारण तिथेच घोड्याची स्प्रिंग आहे.

सातवी पायरी: खूण आणि फेरतपासणी

दुरुस्तीनंतर तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा करावी. ताण ठरला की स्क्रूच्या डोक्यावरून लाकडापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढावी. आट्यांना चिकटवणारे द्रव लावू नये, त्याने टॉर्कचा आकडा बदलतो आणि फोरएंड काढताना लाकूड दुखावते. नोंदवहीत टॉर्क, तारीख, हवेतला ओलावा आणि केंद्राचे अंतर लिहावे. हवा पालटल्यावर, मग ती कोरडी होवो वा दमट, स्क्रूला हात लावण्यापूर्वी थंड नळीने पाच गोळ्या झाडाव्यात, त्यानंतरच टॉर्क ड्रायव्हर लावून तो ठरलेल्या आकड्याला कुठे थांबतो ते पाहावे. रेघ पाव फेरा सरकलेली दिसली आणि केंद्र मात्र जागेवरच असले, तर स्क्रू ठरलेल्या आकड्यावर आणून नवी रेघ ओढावी आणि वहीत तेवढीच नोंद करावी.